डोळकाड्या नेणारी फटफटी

बदनापूरच्या शिवारात मोसंबीच्या पहिल्या बागा उभ्या राहिल्या, त्या काळात झाडाला डोळा बांधणारी माणसं शोधून सापडत नसत. जी होती त्यांत एक मच्छिंद्र. टेसनापासून हाकेच्या अंतरावर त्याचं वावर होतं, वावरात विहीर होती आणि विहिरीच्या कडेला मोसंबीची जुनी, भरवशाची झाडं होती. जंबेरीच्या काटेरी रोपाची साल उचलून तिच्याखाली मोसंबीचा डोळा सरकवायचा, वरून केळीच्या सोपटानं आवळायचं आणि त्या रोपाचं पुढं मोसंबीचं झाड करायचं, ही विद्या तो ऐन उमेदीत औरंगाबादेच्या एका बागेत राबून शिकला होता. माघ लागला की त्याला बोलावणी येत आणि घरी तो फक्त झोपण्यापुरता उरे.

तरी लोकांत त्याची ओळख होती ती फटफटीमुळं. जालन्याच्या छावणीतला कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा त्याच्या सामानाचा हर्रास झाला. मच्छिंद्र गेला होता पाण्याचं इंजिन बघायला आणि घेऊन आला फटफटी. ती तेव्हाच जुनाट होती. टाकी चपटी, वरच्या दोन दांड्यांमध्ये चेपून बसवलेली. गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला. पुढचा दिवा कार्बाइडचा आणि तोही बहुतेक वेळा विझलेला. त्याच्या बायकोनं, नंदाबाईनं, पहिल्या दिवशी तिला हळदकुंकू वाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिच्या धुरानं वाळत घातलेलं धुणं काळं झालं म्हणून नवऱ्याशी अबोला धरला.

फटफटी ही मच्छिंद्रची चैन होती, असं गाव म्हणे. मच्छिंद्रला ते मान्य नव्हतं. त्याचा एक नियम होता: सकाळी झाडावरून काढलेली डोळकाडी, म्हणजे डोळे असलेली मोसंबीची काडी, त्याच दिवशी लागली पाहिजे. ओल्या गोणपाटात गुंडाळली तर काडी दोन दिवस हिरवी दिसते, पण दिसणं निराळं आणि जगणं निराळं. हे तो मंठ्याला शिकला होता. तिथल्या एका शेतकऱ्याकडं त्यानं बैलगाडीतून काड्या नेल्या. वाटेत दोन मुक्काम पडले. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या काड्यांचे डोळे पंधरा दिवसांत काळे पडले. शेतकऱ्यानं जंबेरीची सगळी रोपं तोडून चुलीपुढं टाकली आणि मच्छिंद्रला बोलला काहीच नाही. मच्छिंद्रला ते न बोलणं लागलं. त्यानंतरच फटफटी आली.

महायुद्धाचा तो काळ. पेट्रोल कूपनावर, रॉकेल रांगेत आणि रबर तर कुठंच नाही. त्या वर्षी मच्छिंद्रनं धावड्याच्या भुजंगला शब्द दिला होता. धावडा म्हणजे भोकरदनच्याही पलीकडं, अजिंठ्याच्या डोंगराला टेकलेलं गाव. भुजंगच्या विहिरीजवळची काळी पट्टी आजवर कपाशीची. मच्छिंद्रनंच त्याला जंबेरी लावायला लावली होती. दोन पावसाळे भुजंगनं रोपांना पाणी घातलं आणि दोन पावसाळे त्याच्या भावांनी त्याला नावं ठेवली. "भुजंगदादाच्या वावरात काट्याचं पीक जोरात हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. यंदा डोळे बांधले गेले नाहीत तर अक्षय्य तृतीयेच्या आत ती पट्टी नांगरून पुन्हा कपाशी घ्यायची, असं घरात ठरलं होतं. भुजंगनं निरोप धाडला: साल सुटून राह्यली, जल्दी या.

साल सुटणं म्हणजे रोपात रस चढणं. चाकूचं टोक लावलं की साल अलगद वर येते. हे दिवस थोडे असतात. पुन्हा साल लाकडाला चिकटली की हंगाम संपला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात फटफटीचा मागचा टायर फाटला.

फाटला म्हणजे आतलं कापड बाहेर आलं. आजवर मच्छिंद्रनं त्याला ठिगळं लावली होती, आतून जुन्या टायरचे तुकडे बसवले होते. आता ठिगळाला धरायला जागा उरली नव्हती. टायरच्या कुशीवरची अक्षरं घासून गेलेली. त्यातून सव्वीसचा आकडा तेवढा वाचता येत होता. मच्छिंद्रनं टायरला बाहेरून सुतळीचा वेढा घातला, जसा तो झाडाच्या बुंध्याला घाली, आणि गाठ मारून सुतळी खिशात टाकली. उंची सव्वीस इंच, वेढा सुतळीएवढा; माप झालं, असं त्यानं धरलं.

"गाडी जुंपा न्," नंदाबाई म्हणाली. "दोन दिवसांत धावडा येतोय."

"दोन दिवसांत डोळा सुकतोय."

"डोळा सुकतोय का फटफटी सुटंना तुम्हाला?"

"मंठ्याचं इसरली का तू?"

"म्या न्हाई इसरली. पण चाक बी इसरू नका. ते बी जालन्याला जा घेऊन."

मच्छिंद्र हसला. चाक काढायचं म्हणजे साखळी काढा, ब्रेक काढा, पुन्हा जोडा. टायर आणण्याआधीच एक अख्खा दिवस जायचा. तो तसाच आगगाडीत बसून जालन्याला गेला.

जालन्याच्या टेसनामागं रामरावाचं मोडीचं दुकान होतं. रामराव पूर्वी छावणीतल्या मोटारींच्या तबेल्यात कामाला होता. छावणी ओसरली तसं तिचं सगळं भंगार त्याच्या दुकानात येऊन पडलं. रामराव बोलायला मोकळा आणि विकायला घट्ट. त्यानं आतून दोन टायर आणून जमिनीवर टाकले.

एक जुना, दगडासारखा कडक, नक्षी झिजत आलेली. दुसरा पुष्कळ नवा, मऊ, काळाभोर. दोन्हींवर सव्वीसचा आकडा. मच्छिंद्रनं सुतळी काढून आधी एकाला वेढली, मग दुसऱ्याला. दोन्हीला गाठ जवळपास तिथंच आली.

"माप दोन्हीचं बराबर हाय," तो म्हणाला.

"बाहेरून बराबर हाय. आतून पाह्यलं का?" रामराव म्हणाला. "हा नवा नव्या चाकाचा दिसून राह्यला मला. तुमची फटफटी कोणत्या जमान्याची?"

"तुमच्या अन् माह्या."

"मंग अवघडय. मच्छिंद्रराव, चाक आणा. चाक पाह्यल्याबिगर मी सांगत न्हाई."

"चाक बी गोल अन् टायर बी गोल. त्यात पाह्यचं काय?"

"बायको बी मिळती अन् नवरा बी मिळतो, तरी पत्रिका पाह्यतेतच न् लोक."

मच्छिंद्रनं दोन्ही टायर हातात घेऊन आतला घेर चाचपला. नव्याचा घेर त्याला थोडा आवळ वाटला. तिथंच त्याचा निर्णय झाला. डोळा बांधणाऱ्या माणसाला सैल गोष्टीचं वावडं असतं. डोळा आणि लाकूड यांच्यात वाऱ्याला शिरायला वाट राहिली की डोळा मेला; म्हणून सोपट आवळून, अजून आवळून बांधायचं. आवळ बसेल तेच टिकेल, ही गोष्ट मच्छिंद्रच्या बोटांत मुरली होती, आणि टायरच्या बाबतीत ती निराळी असेल असं बोटांना वाटायचं काही कारण नव्हतं. शिवाय नवा तो नवाच. तो टायर खांद्याला अडकवून तो संध्याकाळच्या गाडीनं घरी आला.

दुसऱ्या दिवशी चाक काढून तो टायर चढवायला बसला तेव्हा एक काठ कसाबसा आत गेला. दुसरा जाईना. मच्छिंद्रनं पाणी तापवून रबरावर ओतलं, पहार लावली, मग दुसरी पहार लावली, एका पहारीवर नंदाबाईला उभं केलं. टायरच्या काठात कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला आणि काठ एकदम आत गेला.

"काय मोडलं?" नंदाबाईनं विचारलं.

"मोडलं न्हाई. बसला." त्यानं घाम पुसला. "पाह्य कसा बसला. आता हा आयुष्यभर निघत न्हाई."

दिसायला चाक झकास दिसत होतं. त्यानं हवा भरली, चाक पुन्हा जोडलं, अंगणात एक चक्कर मारली आणि सकाळी डोळकाड्या कापायला विळा घासून ठेवला.

पहाटेच काड्या कापल्या, पानं छाटून देठ तेवढे ठेवले, ओल्या गोणपाटात जुडी बांधली आणि ती फटफटीच्या मागं लटकवून तो निघाला. भोकरदनच्या वाटेला लागून थोडं पुढं गेल्यावर एक नाला लागतो. उतारावर त्यानं वेग कमी केला, नाल्यातल्या गोट्यांवरून मागचं चाक एकदा उसळलं आणि टायरचा एक काठ रिमवरून बाहेर आला. ट्यूब फुग्यासारखी बाहेर आली आणि फुटली. फटफटी आडवी झाली. मच्छिंद्र वाळूत बसला. लागलं काही नाही. गोणपाटाची जुडी शाबूत होती.

मग त्यानं वाकून चाक पाहिलं. टायर रिमच्या कडेवर नुसता टेकला होता. कडेच्या आत तो कधी गेलाच नव्हता.

एका बैलगाडीवाल्यानं फटफटी गाडीत घालून त्याला घरी पोचवलं. त्या दिवशी पुन्हा निघणं शक्य नव्हतं. त्या काड्या अंगणात पडल्या आणि शेळीनं खाल्ल्या.

"शेळीला लागले डोळे," नंदाबाई म्हणाली. मग तिनं साखळी काढायला पाना आणून दिला. चाक सुटं करून दोघांनी गोणपाटात बांधलं.

या वेळी मच्छिंद्र जालन्याला गेला तो एका हातात चाक आणि दुसऱ्या खांद्यावर टायर घेऊन. गाडीतल्या लोकांनी त्याला जागा करून दिली आणि वर विचारलंही, बाकीची फटफटी मागच्या गाडीनं येऊन राह्यली का.

रामरावानं आधी टायरचा काठ पाहिला.

"आतली तार तोडली तुम्ही. हा मी परत घेऊन काय करू? गळ्यात घालू?"

"परत घ्या म्हनलं न्हाई. चूक काय झाली ते सांगा."

रामरावानं चाक मांडीवर आडवं घेतलं आणि मच्छिंद्रचं बोट धरून रिमच्या कडेवर ठेवलं. "फिरवा. काय लागून राह्यलं?"

"कड आत वळलीय."

"बराबर. आता टायरचा काठ चाचपा."

काठ सपाट, गुळगुळीत होता. आत तारेची टणक कडी.

"नव्या चाकात ही तार रिमला धरून ठेवती. तुमच्या चाकाला तारेचं काम न्हाई. त्याच्या टायरला ओठ असतो. तो ओठ ह्या वळलेल्या कडेखाली जाऊन बसतो, अन् हवा त्याला दाबून धरती. आकडा दोन्हीवर एकच लिहितेत, कारण तो आकडा बाहेरच्या उंचीचा. काठाचं त्यात काहीच लिहिलेलं नसतं."

मच्छिंद्र पुन्हा एकदा रिमच्या कडेखालून बोट फिरवत राहिला. हे त्याला समजायला रामरावाचं पुढचं बोलणं लागलं नाही. साल उचलायची आणि डोळा सालीखाली सरकवायचा. डोळा सालीच्या वर ठेवून बांधला तर कितीही आवळा, तो मरतो. आवळणं मागाहून येतं. आधी खाली जाणं. हे तो रोज करत होता आणि टायर घेताना त्यानं फक्त आवळण्याचा विचार केला होता.

"तो दुसरा, कडक टायर द्या," तो म्हणाला. "त्याला ओठ होता का?"

रामरावानं डोकं खाजवलं. "होता. तोच तुमचा होता. पण मी तो पुंजारामला देऊन टाकला. ह्या मापाच्या फटफट्या आता हायेत कुठं? वहाणा तरी होतील म्हनलं."

पुंजाराम मोंढ्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर लिंबाखाली बसून वहाणा शिवत असे. चामडं महाग झाल्यापासून तळव्याला टायर लावायची चाल पडली होती आणि त्याच्याकडं गिऱ्हाईक वाढलं होतं. मच्छिंद्र चाक रामरावाकडंच ठेवून, खांद्यावरच्या टायरसकट झपाझप निघाला. लिंबाच्या फांदीला टायर टांगलेला लांबूनच दिसला. अख्खा दिसत होता.

जवळ गेल्यावर कळलं की पुंजारामनं त्याला हात घातला होता. नक्षीवर एके ठिकाणी चाकूचे दोन ओरखडे होते.

"हे रबर न्हाई, दगड हाय," पुंजाराम म्हणाला. "माही रापी बोथट झाली. काठाला तर अशी वळलेली जाड कड हाय, कापता कापंना. रामरावानं फसवलं मला."

"मंग मला द्या."

"तुम्हाला? वहाणा शिवता काय?"

"फटफटीला लावायचाय. त्याच्या बदल्यात हा घ्या."

पुंजारामनं खांद्यावरचा टायर उतरवून घेतला. अंगठ्यानं दाबला, वाकवला, उन्हात धरला. त्याच्या चेहऱ्यावर आनंदाच्या आधी संशय आला.

"एवढा नवा मला देऊन राह्यले? चोरीचा तर न्हाई न् भाऊ?"

"माह्या पैशाचा हाय. रामरावाला इचारा."

"रामरावाला इचारून मंग मी आणखीन घाबरन." तो हसला. "ह्याच्यात चांगले लई जोड निघतील. काठ काढून टाकतो, तार बी झुंबरबाईला देतो, ती टोपल्या बांधती. न्या तुमचा दगड."

मच्छिंद्र तो टायर काढून घेऊ लागला तेव्हा पुंजाराम त्याच्या पायांकडं बघत होता.

"एक जोड तुमच्यासाठी ठिवतो. तुमच्या वहाणा पाह्यल्या का? फटफटीला टायर अन् पायाला भगदाड."

"पुढच्या बाजारी येतो."

"या. आल्याबिगर कळणार न्हाई मला, बसला का न्हाई ते."

रामरावाच्या दुकानात टायर चढवायला पहार लागलीच नाही. ओठ गरम पाण्यानं नरम केला, अंगठ्यानं कडेखाली ढकलत नेला, पट्टीनं शेवटचा वीतभर भाग आत घातला. नवी ट्यूब रामरावानं कुठून काढली ते विचारायचं कारण नव्हतं. हवा मात्र त्यानं इतकी भरायला लावली की मच्छिंद्रचे हात भरून आले.

"ह्याचं एक ध्यानात ठेवा," रामराव म्हणाला. "ह्याला हवेनं धरलंय. हवा कमी झाली की ओठ सुटतो. नरम चाकावर चालवू नका, कितीबी घाई असली तरी."

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रनं पुन्हा काड्या कापल्या. आता साल सुटलेली आहे की चिकटली, हे धावड्याला पोचल्याबिगर कळणार नव्हतं. तो नाल्याशी थांबला, टायर दाबून पाहिला, पंप मारला. राजूरच्या अलीकडं थांबला, पंप मारला. भोकरदनच्या वेशीवर हॉटेलवाल्यानं विचारलं, फटफटी चालवायला घेतली का फुगवायला. मच्छिंद्रनं चहा घेतला, गोणपाटावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा पंप मारला. कडक रबरामुळं रस्त्यातला प्रत्येक दगड त्याच्या पाठीपर्यंत येत होता. टायर मात्र हलला नाही.

दुपार कलताना तो धावड्याला पोचला. भुजंग विहिरीवर बसून वाटच पाहत होता. त्याच्या पलीकडं त्याचे दोघे भाऊ बांधावर उभे होते, पाहुणा काय करतो ते बघायला.

"लई उशीर केला मच्छिंदर."

"चाकानं केला, दादा. आधी चाकू लावू द्या."

पहिल्याच रोपाला त्यानं चाकूचं टोक लावलं. साल जरा अडली, मग उचलली गेली. पुढच्या रोपाची सहज उचलली. त्यापुढच्याची चिकटली होती. ती त्यानं सोडून दिली. अशी काही रोपं सोडत, बाकीच्यांना बांधत तो ओळीमागून ओळ संपवत गेला. भुजंग सोपटाच्या पट्ट्या भिजवून हातात देत होता. दिवस मावळताना काड्या संपल्या आणि बांधायला झालेली रोपंही संपली.

"लागतील का?" भुजंगनं विचारलं.

"काही लागतील. सगळे लागतील असं सांगत न्हाई."

रात्री भुजंगच्या घरी तो जेवला. धाकटा भाऊ शेजारी बसून फटफटीचं मागचं चाक कसं दिसतं ते सांगत होता: म्हातारीच्या टाचेसारखं, भेगाळलेलं. सगळे हसले. मच्छिंद्रही हसला.

डोळा लागला की नाही हे ओळखायची खूण सोपी असते. काडीवरची पानं छाटताना प्रत्येक डोळ्याशी देठाचा एक तुकडा ठेवलेला असतो. डोळा मेला असेल तर तो देठ वाळून तिथंच चिकटतो. डोळा जगला असेल तर देठ पिवळा पडतो आणि बोट लावताच गळून जातो.

तीन आठवड्यांनी मच्छिंद्र पुन्हा धावड्याला गेला. चैत्राचं ऊन चढलं होतं. पट्टीच्या टोकाशी धाकट्या भावानं औत आणून उभं केलं होतं. बैलांच्या मानेवर जू होतं. त्याच्या हिशेबी निकाल लागलेलाच होता.

मच्छिंद्रनं पहिल्या रोपाच्या देठाला बोट लावलं. देठ वाळलेला, चिकटलेला. हलला नाही. त्यानं ते सोपट सोडून खाली टाकलं. दुसऱ्याला लावलं. तोही वाळलेला. भुजंग मागं उभा होता. त्याचा श्वास मच्छिंद्रला ऐकू येत होता. तिसऱ्या देठाला बोट पुरतं लागलंही नाही तोच तो टपकन मातीत पडला. खाली डोळा हिरवा, टपोरा होता.

चौथा पडला. पाचवा पडला. सहावा चिकटला. मग एका ओळीत पडतच गेले. भुजंगनंही दुसऱ्या ओळीत सुरुवात केली. आधी तो भीत भीत बोट लावत होता, नंतर भराभर लावू लागला आणि प्रत्येक देठ पडला की "हा बी," असं म्हणू लागला.

धाकटा भाऊ थोडा वेळ औताशी थांबला. मग बैलांचे कासरे बाभळीला बांधून तो तिसऱ्या ओळीत आला, काटे चुकवत त्यानं एका देठाला बोट लावलं, आणि तो पडल्यावर वाकून मातीत कुठं गेला ते पाहू लागला.

"जू उतरव बैलांचं," भुजंग त्याला म्हणाला. "उन्हात उभे हायेत."